हापूस, गजरा आणि आमचे हे

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत. हे गेले त्या वर्षी दिवाळीला कढई चढवली नाही, पण जावेकडून चकल्या आल्या, नणंदेनं लाडू दिले, शेजारच्या काकूंनी दोन प्रकारचा चिवडा दिला, माहेरून करंज्या आल्या आणि करता करता घरात एवढा फराळ जमला की मी स्वतः केला असता तर निम्मा पण झाला नसता. लेक म्हणाला, आई, बाबा असते तर म्हणाले असते दरवर्षी असंच करत जाऊ की, तुझे कष्ट तरी वाचतील. त्यावर आम्ही दोघं जे हसत सुटलो ते थांबेचना, आणि तेवढ्यात सासूबाई आतल्या खोलीतनं बाहेर आल्या, मला वाटलं आता काही खरं नाही, तर त्या म्हणाल्या, मला पण सांगा की काय झालं.

त्या रात्री मी खूप रडले पण. हसल्याचं वाईट वाटून नाही हां, नुसतंच रडू आलं. दोन्ही एकाच दिवसात.

तेव्हा झोप लागायची नाही म्हणून मोबाईलवर काय वाट्टेल ते वाचत बसायचे. दुःखाबद्दल काहीही शोधा, त्या पाच पायऱ्या पहिल्या येतात, नाकारणं, राग, घासाघीस, खचणं आणि शेवटी स्वीकार. 1969 मधे एलिझाबेथ कुब्लर-रॉस नावाच्या डॉक्टरबाईंनी मांडलेल्या. मी आपली स्वतःला तपासत बसायचे, आता आपण तिसरीवर का चौथीवर. मग कुठंतरी वाचलं की त्या बाई मुळात बोलल्या होत्या त्या मरणाच्या दारातल्या पेशंटशी, मागं राहिलेल्यांशी नव्हे, आणि सगळ्यांनी याच क्रमानं जायचं असं काही नसतं. हुश्श झालं. मला जास्त पटलं ते 1999 मधलं, नेदरलँड्सच्या युट्रेक्टमधल्या मार्गारेट स्ट्रोबं आणि हेंक शुट या दोघा मानसशास्त्रज्ञांचं. ते म्हणतात की माणूस दोन्हीकडे येत-जात राहतो, घटकाभर गेलेल्या माणसाकडे, घटकाभर समोरच्या जगण्याकडे, म्हणजे बिलं, बँक, नवीन शिकायच्या गोष्टी वगैरे, आणि मधेमधे दोन्हीकडनं सुट्टी पण लागते. हे येणं-जाणं म्हणजेच सावरणं. हे वाचल्यावर फराळाच्या दिवशीचं हसणं-रडणं एकदम जागेवर बसलं माझ्या.

आणि त्या येण्या-जाण्यात कधी कधी गंमत पण हाती लागते. मंडई कायम यांच्याकडेच, मी कधी गेलेच नव्हते. आंब्याच्या सीझनला पहिल्यांदा यांच्या नेहमीच्या हापूसवाल्याकडे गेले, भाव ऐकला आणि म्हटलं, अहो, साहेब तर याच्या निम्म्यात आणायचे. तो बिचारा गप्प. मग हळूच म्हणाला, वहिनी, साहेब मला सांगून ठेवायचे, घरनं कुणी आलं तर खरा भाव सांगू नको म्हणून. म्हणजे इतकी वर्षं मला खोटे भाव सांगून या माणसानं पेट्या आणल्या आणि मी मैत्रिणींना सांगत फिरायचे की आमच्या ह्यांना काय स्वस्त मिळतात! तिथंच रस्त्यात उभी राहून हसले मी. राग पण आला, भांडायला माणूस नाही याचा जास्त आला. पण गेलेल्या माणसाबद्दल काहीतरी नवीन कळतंय हा आनंद फार वेगळा असतो, तो कुणी मला आधी सांगितला नव्हता. आता मी मुद्दाम विचारते लोकांना, यांच्या ऑफिसातल्यांना, कट्ट्यावरच्या मित्रांना, की सांगा हो काहीतरी मला माहिती नसलेलं. त्यांनाही बरं वाटतं, नाहीतर माझ्यासमोर यांचं नाव कसं काढायचं म्हणून सगळे अवघडून बसतात.

गजऱ्याचं मात्र सोपं गेलं नाही. मला मोगऱ्याचं वेड शाळेपासनं, लग्नाशी त्याचा काय संबंध? पण घातला की बघणारे बघतातच. आमच्या सांगलीपासनं फार लांब नाही ते शिरोळ तालुक्यातलं हेरवाड, तिथल्या ग्रामपंचायतीनं मे 2022 मधे ठराव केला की नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं हे सगळं बंद. सरकारनं पण त्याच महिन्यात बाकीच्या गावांना असं करा म्हणून परिपत्रक काढलं. परिपत्रकानं नजरा बदलत नाहीत हे मला पण कळतं, तरी पहिल्यांदा गजरा घेताना तो ठराव मनात होता खरा. गजरेवाल्या मावशींनी काही विचारलं नाही, दहाचा देऊ का वीसचा एवढंच.

गेल्या पावसाळ्यात नरसोबाच्या वाडीला गेलो होतो, दक्षिणद्वार लागलं होतं. नदी चढली की पाणी उत्तरेच्या दारातनं आत येतं, दत्ताच्या पादुकांवरनं वाहतं आणि दक्षिणेच्या दारातनं बाहेर पडतं, तिथं आंघोळ करायला लोक कुठनं कुठनं येतात. ज्यानं ऑगस्ट 2019 चा पूर बघितलाय त्या सांगलीकराच्या पोटात कृष्णा चढली की गोळाच येतो. आणि इथं तीच कृष्णा, आणि बायाबापड्या, पोरंसोरं खिदळत डुबक्या मारतायत. मी पण मारली. नंतर ओल्या केसांनी बसून बासुंदी खाल्ली, यांच्या वाटणीची पण.

सगळ्यांना असं जमेलच असं नाही आणि जमलं नाही तर दोष कुणाचा नाही. दिवस उलटत जातात तरी अंथरुणातनं उठवत नाही, जगावंसंच वाटत नाही असं असेल तर बासुंदीनं काही होत नाही, सरळ डॉक्टर गाठायचा. मनाच्या त्रासावर बोलायला सरकारचा टेलिमानस हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आणि चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

सासूबाईंचं दुःख माझ्याहून वेगळं आहे, त्यांचा मुलगा गेलाय. आम्ही त्यावर फारसं बोलत नाही, दुपारी पत्ते खेळतो आणि त्या सर्रास चिटिंग करतात. या संक्रांतीला हळदीकुंकू करायचं ठरवलंय, रथसप्तमीच्या आत कधीतरी, कुणाचा नवरा आहे कुणाचा नाही हे न बघता गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावणार. सासूबाईंना म्हटलं, पहिलं कुंकू तुम्हाला लावणार. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, लाव, पण वाण जरा बरं आण, मागच्या वेळेसारखे प्लॅस्टिकचे डबे नकोत.