ला पाझमधील पहिला दिवस आणि दाण्यांचे सार

बोलिव्हियातल्या सांताक्रूझ शहरातून सकाळी विमानात बसले तेव्हा मी समुद्रसपाटीपासून सुमारे 400 मीटर उंचीवर होते, आणि तासाभराने एल आल्तोच्या विमानतळावर उतरले ती 4,000 मीटरहून अधिक उंचीवर. आपले कळसूबाई 1,646 मीटरचे. त्याच्या जवळजवळ अडीचपट उंचीवर हा विमानतळ आहे. ला पाझ शहर त्याच्या खालच्या दरीत वसलेले आहे. टॅक्सी परवडणारी नव्हती, म्हणून मिनीबसने खाली उतरले. विटांच्या घरांनी भरलेल्या उतारांमागे इयिमानीचे बर्फाच्छादित शिखर दिसले, आणि बोलिव्हियात येण्यासाठी वर्षभर साठवलेल्या पैशांचे सार्थक झाले असे मनापासून वाटले.

माझे हॉस्टेल सान फ्रान्सिस्को चर्चच्या मागील चढावर होते. अंतर जेमतेम पाच मिनिटांचे, पण पाठीवरच्या पिशवीसह मला चार वेळा थांबावे लागले. शहरातही, म्हणजे साधारण 3,600 मीटरवर, हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या सुमारे दोन-तृतीयांशच असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढा कमी मिळतो. या त्रासाला इथे ‘सोरोचे’ म्हणतात. हॉस्टेलमधील बाईंनी न विचारताच कोकाच्या पानांचा गरम काढा पुढे ठेवला आणि दुपारपर्यंत पडून राहण्यास सांगितले. (ही पाने इथे कायदेशीर आहेत, भारतात नाहीत, आठवण म्हणूनही ती सोबत आणू नयेत.) पहिल्याच दिवशी सारे शहर पालथे घालण्याचा बेत मी तिथेच सोडून दिला.

दुपारी जवळच्या लान्सा बाजारात गेले. कमी खर्चात फिरणाऱ्यांसाठी ‘अल्मुएर्सो’ हा मोठाच आधार आहे: आधी सूप, मग भात-बटाट्यासह मुख्य पदार्थ, आणि किंमत ठरलेली. माझ्यापुढे आलेले सूप होते ‘सोपा दे मानी’, म्हणजे दाण्यांचे. पहिल्या घोटालाच एकादशीच्या दुपारी आई करते ती दाण्याची आमटी आठवली आणि डोळे भरून आले. फरक एवढाच, की आपण दाणे भाजून घेतो आणि इथे ते कच्चेच वाटतात. शिवाय या वाडग्यात मांसाचा तुकडाही होता. सोबतची लाल चटणी, ‘ल्याख्वा’, लोकोतो नावाच्या जाड मिरचीची आणि टोमॅटोची. ती परंपरेने ‘बातान’ नावाच्या सपाट दगडावर वाटली जाते, आणि त्या दगडाला आपल्या पाट्याशिवाय दुसरे नाव मला सुचत नाही.

भुईमुगाचे मूळ दक्षिण बोलिव्हिया आणि त्यालगतच्या अर्जेंटिनात मानले जाते. बटाटा तितिकाका सरोवराच्या आसपासच्या डोंगराळ प्रदेशातला, मिरची याच खंडातली, आणि आपल्याकडे साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओकाही इथलाच. आपली साबुदाण्याची खिचडी जवळजवळ पूर्णपणे दक्षिण अमेरिकेच्या मातीतून आलेली आहे, हे पूर्वी कुठेतरी वाचले होते. पण त्या बाकावर बसून दाण्यांचे सार पिताना ते खऱ्या अर्थाने कळले. वाडगा रिकामा होताच भरगच्च घेराचा ‘पोयेरा’ हा घागरा नेसलेल्या विक्रेत्या मावशींनी आणखी अर्धा डाव वाढला. याला ‘यापा’ म्हणतात: भाजीवालीने तोलून झाल्यावर वर चार मिरच्या टाकाव्यात, तसेच.

संध्याकाळी केवळ 3 बोलिव्हियानोंत तेलेफेरिकोच्या लाल मार्गावरून एल आल्तोपर्यंत गेले. 2014 मध्ये सुरू झालेली ही रज्जुमार्गसेवा पर्यटकांसाठी नसून रोज कामावर जाणाऱ्यांसाठी आहे. स्थानकांना आयमारा भाषेतील नावेही आहेत. दफनभूमीजवळचे स्थानक ‘आहायुनी’, म्हणजे आत्म्यांचे ठिकाण. पाळणा त्या दफनभूमीवरून, मजल्यांसारख्या रचलेल्या कोनाड्यांवरून, निःशब्द सरकला. माझ्यासमोरच्या आजींनी पाठीवर बांधलेले ‘आग्वायो’ हे रंगीत कापड मांडीवर घेतले, तेव्हा आतून एक बाळ माझ्याकडे पाहत होते.

रात्री हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात खिचडी लावली. या उंचीवर पाणी सुमारे 88 अंशांनाच उकळते, त्यामुळे तासाभरानंतरही डाळ कच्चीच राहिली. बाईंनी भांडे पाहिले आणि काही न बोलता कपाटातून कुकर काढून दिला.