तुम्ही विचारलंत म्हणून: वर्गात तेलुगू चालते, मग इंग्रजी कधी येणार?

"बाई, तुमच्या वर्गात पोरं तेलुगूत बोलतेत आणि तुम्ही काहीच म्हणत नाही. मग इंग्रजी यायचं कधी?"

पालकसभेत हा प्रश्न दरवर्षी येतो. विचारणारी आई बहुतेक वेळा हातातल्या विड्या ठेवून आलेली असते. सभा लांबली की तिच्या हजार विड्या आज पुऱ्या होणार नाहीत, हे मला माहीत असतं. म्हणून तिथं मी दोन वाक्यांत उरकते. आज जरा नीट सांगते.

मी सोलापूरच्या पूर्व भागात, मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी-सातवीला इंग्रजी शिकवते. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, दोघा-तिघांच्या घरी उर्दू. मराठी त्यांना शाळेत आल्यावर नीट भेटते. राज्यात २००० पासून पहिलीलाच इंग्रजी आहे, त्यामुळे सहा वर्षांच्या या मुलांवर दोन नव्या भाषा एकदम येऊन पडतात.

नोकरीच्या सुरुवातीला, दुसऱ्या एका शाळेत, मीही तुमच्यासारखाच विचार करत होते. इंग्रजीच्या तासाला दुसऱ्या भाषेतला शब्द आला की एक रुपया दंड, अशी पाटी लावली आणि टेबलावर डबा ठेवला. आठवड्याअखेर डब्यात अकरा रुपये निघाले, तेही त्याच चार मुलांचे. बाकीची मुलं आठवडाभर गप्प होती. गणिताच्या तासाला सगळ्यांत आधी हात वर करणारी मुलगी माझ्या तासाला वहीत डोकं खुपसून बसायची. सोमवारी पैसे परत दिले, पाटी काढली. त्या मुलीचा चेहरा मात्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आता काय करते ते सांगते. "हाऊ इट इज मेड" असा एक पाठ मी दरवर्षी घेते. घरात जे बनतं ते मुलांनी सांगायचं. कुणी यंत्रमागावरचा टॉवेल सांगतं, पण विडीवर सगळा वर्ग बोलतो. आधी आपापल्या भाषेत, गटात. पानं भिजवायची, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्यानं बांधायची. मग मी फळ्यावर शब्द मागते. दोऱ्याला एकीनं 'दारम' सांगितलं, कन्नड बोलणाऱ्या मुलानं 'दार' सांगितलं, मी 'दोरा' लिहिलं. तीनही शब्द एकाखाली एक पाहून वर्गात एकदम गलका झाला. त्याखाली मी 'थ्रेड' लिहिलं. तो शब्द मला पुन्हा कधी शिकवावा लागला नाही.

त्याच दिवशी एका मुलीनं वाक्य केलं, "माय मदर लीव्हज कट्स." यात आळस नाही की ढिलाई नाही. तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू, सगळीकडे क्रियापद शेवटी येतं, आणि तिनं घरचीच शिस्त पाळली होती. मी तिचं वाक्य तेलुगूत म्हणायला लावलं, शेवटच्या शब्दाखाली रेघ मारली, आणि इंग्रजीत हा शब्द उचलून आईच्या शेजारी नेऊन बसवायचा असतो, एवढंच सांगितलं. दोन मिनिटं लागली. नुसत्या इंग्रजीतून हेच समजावायला माझा अख्खा तास जातो आणि तरी अर्ध्या मुलांना कळत नाही. गटात तेलुगू चालते. शेवटी उभं राहून सांगायचं ते मात्र इंग्रजीतच, आणि तिथं मी सूट देत नाही.

दुसरं आवडतं काम रेल्वेच्या वेळापत्रकाचं. भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर-मद्रासकडच्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचे नियम आधी शिकवण्याऐवजी मुलांना इंग्रजीतून सोडवायची कामं दिली, त्यात वेळापत्रकंही होती. आमचं तर रेल्वेचंच गाव. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाऊन त्याच दिवशी परत यायचं, तर तिथं किती वेळ मिळेल? मुलं भांडतात, हिशेब करतात, आणि 'अराइव्ह' आणि 'डिपार्ट' पाठ न करता येऊन जातात.

आता "कधी" याचं उत्तर. कॅनडात बाहेरदेशांतून आलेल्या मुलांवर जिम कमिन्स यांनी अभ्यास केला. रोजच्या बोलण्याचं इंग्रजी साधारण दोन वर्षांत येतं, पण पुस्तकातलं, विचार मांडायचं इंग्रजी यायला पाच ते सात वर्षं लागतात, असं त्यांना दिसलं. आणि त्या मुलांच्या चहूकडे इंग्रजी होतं. आपल्या पोरांना दिवसाला एक तास मिळतो. तेव्हा तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजीची जाहिरात पाहून फी भरू नका, ही माझी कळकळीची विनंती.

हे सगळं मला प्रशिक्षणातून मिळालं का, असंही कुणी विचारतं. थोडं मिळालं. दिवसभर पडद्यावरच्या स्लाइड बघून वर्ग बदलतो, असं मी पाहिलेलं नाही. माझा वर्ग बदलला तो एका मैत्रिणीमुळे. ती शेजारच्या शाळेत शिकवते. तिनं माझा तास मोबाइलवर रेकॉर्ड केला आणि शनिवारी आम्ही दोघींनी तो ऐकला. मी प्रश्न विचारते, श्वास घेते आणि उत्तरही मीच देते! मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेत हेच मोजलं होतं: शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांबतात, गप्प मुलंही बोलू लागतात. तिसऱ्या भाषेत शब्द शोधणाऱ्या मुलाला तर त्याहून जास्त वेळ द्यायला हवा. आता मी मनात पाच आकडे मोजते. सुरुवातीला ती शांतता असह्य व्हायची. महिन्यातून एकदा आम्ही एकमेकींच्या वर्गात मागच्या बाकावर बसतो. शिक्षण परिषदेत, म्हणजे आम्हा शिक्षकांच्या बैठकीत, यासाठी एक तास राखून ठेवावा, असं मी दोनदा लेखी दिलंय, पुन्हा देणार आहे.

आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीत, रणजितसिंह डिसले गुरुजींनी मुलांच्या घरची भाषा शिकून घेतली आणि पाठ्यपुस्तकं त्या भाषेत आणली. २०२०चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला तेव्हा त्यांनी पाठ्यपुस्तकांत आणलेल्या क्यूआर कोडची चर्चा फार झाली. मला मात्र त्यांचं भाषा शिकणं जास्त मोठं वाटतं. मीही तेलुगू शिकतेय. माझी वाक्यं मुलंच दुरुस्त करतात.

तुम्ही घरी काय करायचं, हेही विचारलंत. विड्या वळताना मुलीला जवळ बसवा आणि तेलुगूतच विचारा, आज इंग्रजीच्या तासाला काय केलं? सांगताना मधेच 'थ्रेड' आला, 'लीफ' आला, तर थांबवू नका. तिला पूर्ण सांगू द्या.