खालचा बोर्ड, वरचा बोर्ड

मृग पंधरा दिवसांवर आला आणि आमचं काम अजून निम्मं बाकी आहे. रात्री हात मोकळे झालेत, तोवर लिहून काढतो.

मी वायरमन. गाव मार्गताम्हाने, चिपळूण-गुहागर रस्त्यावरचं. पूर आला की लोकांना होडी दिसते, दोर दिसतो, तांदळाची पोती दिसतात. ते सगळं लागतंच. पण पाणी ओसरल्यावर घर पुन्हा घर व्हायला वायरमन लागतो, प्लंबर लागतो, मोटर बांधणारा लागतो, हे मी 2021 च्या जुलैत पाहिलं आणि तेव्हापासून दर मे महिन्यात आम्ही काहीजण चिपळुणात घरोघर फिरतो.

त्या वर्षी 22 जुलैच्या पहाटे पाणी शहरात शिरलं. पौर्णिमा जवळ आलेली, म्हणजे उधाणाची भरती. वर घाटात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. वाशिष्ठीचं आणि शिव नदीचं पाणी दाभोळच्या खाडीकडे उतरायला लागलं की भरती ते अडवून धरते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कोयनेत वीज करून सोडलेलं पाणीसुद्धा कोळकेवाडीवरून याच वाशिष्ठीत येतं. लोकांनी हिशोब लावला तो 26 जुलै 2005 च्या पुराचा. बाजारपेठेतल्या कितीतरी दुकानांत माल त्या जुन्या खुणेच्या हातभर वर रचून ठेवला होता. पाणी त्याच्याही वर गेलं.

आम्ही सहाजण 24 तारखेला टेम्पोतून पोचलो. सोबत फावडी, घमेली, खराटे, एक डिझेल पंप आणि माझी हत्यारांची पिशवी. चिखल पहिल्या दोन दिवसांत काढला तर निघतो. ऊन लागलं की भिंतीला असा बसतो की छिन्नी लावावी लागते. म्हणून आधी सगळे चिखलालाच लागलो. रस्त्याच्या कडेला मदत म्हणून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग भिजत पडले होते. तेव्हा खरी गरज होती खराट्यांची, गमबुटांची, ब्लीचिंग पावडरची, आणि बायका हळूच विचारत होत्या त्या पॅडची. लेप्टोच्या, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, भीतीने आरोग्यवाले डॉक्सीच्या गोळ्या वाटत होते. उघड्या जखमेने चिखलात उतरू नका म्हणून सांगत होते, तरी कुणाला थांबायला वेळ नव्हता.

चौथ्या-पाचव्या दिवशी एका आळीत लाइन आली. तिथल्या एका घरात सगळं धुवायचं होतं आणि विहिरीवरची मोटर बंद. घरात तीन महिन्यांचं बाळ. वहिनी म्हणाल्या, "दादा, बाकी राहू दे, मोटर तेवढी चालू करून द्या हो." मी बोर्ड उघडला, आतला गाळ ब्रशने काढला, नवा खटका लावला. मोटर बाहेरून पुसली, ती स्वच्छ दिसली. मेगर, म्हणजे वायरीत-मोटरीत करंट गळतो का ते मोजायचं यंत्र, पिशवीत होता, तो काढला नाही. दिवसभरात अकरावं घर होतं ते.

खटका टाकला आणि वहिनींनी नळाच्या पाइपाला हात लावला. हात सुटेना. त्यांच्या दिराने दाराची फुटलेली फळी उचलून त्यांच्या हातावर मारली, मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. त्या वाचल्या. तळहाताला भाजलं होतं. त्या मलाच म्हणाल्या, "तुम्ही घाबरू नका हो." मी पायरीवर बसलो तो बराच वेळ उठलो नाही.

मोटरच्या वाइंडिंगमध्ये ओल होती आणि घराची अर्थिंग कधीच गंजून गेली होती. चूक माझी होती. तेव्हापासून बुडालेल्या कुठल्याही लाइनला मेगर लावून 1 मेगाओमच्या वर रीडिंग आल्याशिवाय मी सप्लाय देत नाही, मग समोरचा कितीही गयावया करो. बुडालेले खटके, सॉकेट, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) सुकवून परत लावायचे नाहीत, बदलायचे. आणि ईएलसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारा खटका, नसेल तर आधी तो बसवायचा.

त्याच दिवसांत दुसरी एक गोष्ट डोक्यात बसली. पेठमापला एक आजी वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. वरच्या खोल्यांना पाणी लागलं नव्हतं, पंखा-दिवे शाबूत होते. पण वरची लाइन खालच्या बोर्डातून गेलेली. खालचा बोर्ड चिखलात, म्हणून शेजारी लाइन येऊनही वर आठ दिवस अंधार. आजी म्हणाल्या, "वरती कायच झालं नाय रे बाबा, मग मी काळोखात का?" मीटरपासून वर वेगळी केबल आणि वेगळा एमसीबी, एवढंच लागतं त्याला. चार-पाच तासांचं काम.

आता मे महिन्यात आम्ही तेच करतो. आधी विचारतो, "मेन कुठे आहे, दाखवा." निम्म्या घरांत तो कपाटामागे असतो, जिन्याखाली लाकडांच्या आड असतो. घरातल्या बायकांना तो कुणी कधी दाखवलेलाच नसतो, आणि पाणी येतं तेव्हा पुरुष कामावर असतात. मग कपाट सरकवायचं, दांडी लाल रंगवायची, घरातल्या प्रत्येकाकडून ती एकदा खाली पाडून घ्यायची. पाणी उंबऱ्याला लागायच्या आधी. पाय पाण्यात असताना मेनला हात लावायचा नाही, हे मी तीनदा म्हणवून घेतो, पोरं हसतात तरी. मग दोन लाइनी वेगळ्या करायच्या आणि जमेल तिथे बोर्ड वर चढवायचा. दाराच्या आत भरतीचं वेळापत्रक चिकटवतो, उधाणाच्या तारखांना लाल गोल करून. मोठा पाऊस आणि लाल गोल एका दिवशी आले तर वाट बघायची नाही, म्हाताऱ्या माणसांना आधी वर न्यायचं.

नदीतला गाळ काढलाय, त्याचा फरक पडेलही. पण घरातला बोर्ड जिथे होता तिथेच आहे.

पेठमापच्या आजींकडे परवा गेलो होतो. त्यांनी वरचा एमसीबी स्वतः पाडून दाखवला, मग खालचा दाखवायला कठडा धरून जिना उतरायला लागल्या. मी नको म्हणत होतो, त्या थांबल्या नाहीत.

येत्या रविवारी मुरादपूरला सात घरं घेतलीत. तीन वायरमन आहेत, अजून दोन हवेत. सकाळी 8 वाजता चिंचनाक्यावर भेटू. ड्रिल आणि मेगर आपापला आणा, केबल आमच्याकडे आहे.