खऱ्या हातांना खोटा रंग

सकाळी सातच्या कॉलला मी मेकअप रूममध्ये शिरले, तेव्हा नायिका दोन्ही हात पुढे धरून बसली होती. मनगटापासून कोपरापर्यंत लाल चट्टे. चार महिने रोज मी तिच्या कातडीवर गडद बेस चढवत होते. शेवटी कातडीनं नकार दिला.

मालिका एका सावळ्या मुलीची, नायिका मात्र चांगली गोरी. तिची निवड झाली तेव्हा मला एवढंच विचारलं होतं, "ताई, हिला सावळी करायला किती वेळ लागेल?" मी म्हटलं, चाळीस मिनिटं. त्या उत्तराची मला आज लाज वाटते.

गोऱ्या चेहऱ्यावर नुसता तपकिरी बेस लावला तर चेहरा राखेसारखा दिसतो. आधी नारिंगी-लालसर थर द्यावा लागतो. मग कानाच्या पाळ्या, मान, बोटांची पेरं, टाचा. एखादी जागा सुटली की क्लोजअपमध्ये गोरा रंग डोकावतो. घाम आला की ब्लाऊजच्या काठाला डाग पडतात. आजची शेड कालच्या शेडशी जुळावी म्हणून मिश्रणाचं प्रमाण मी वहीत लिहून ठेवत असे.

त्या दिवशी गोरेगावच्या चित्रनगरीत चुलीपुढे भाकरी थापण्याचा सीन होता. चट्ट्यांवर पुन्हा रंग लावायला मी साफ नकार दिला. मग ठरलं की हातांचे क्लोजअप दुसऱ्या कुणाचे तरी घ्यायचे. वाड्यातल्या कामवालीच्या भूमिकेसाठी एक मुलगी दोन दिवस आली होती, माण तालुक्यातली. तीन वाक्यांचं काम. ती खरोखरच सावळी होती. तिला परातीपुढे बसवलं. तिनं बाजरीचं पीठ मळलं, गोळा घेतला आणि थापायला लागली. भाकरी परातीत अशी गरगर फिरत मोठी होत गेली की स्पॉटदादा चहाची किटली धरून तिथंच उभे राहिले.

तेवढ्यात मॉनिटरजवळून आवाज आला, "हात मॅच होत नाहीत."

खरंच होत नव्हते. तिच्या हातांना तांब्याची झाक होती, पेरं जास्त गडद, तळवे गुलाबीसर. जिवंत हातावर एकच रंग कधी नसतो. मी नायिकेला दिलेला रंग मात्र सपाट होता, भिंतीला दिल्यासारखा. दिग्दर्शक म्हणाले, "ताई, हिच्या हातांना तोच बेस लावा."

मी लावला. सावळ्या हातांवर सावळा रंग. ती स्पंजकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "ताई, माझा सावळा चुकतोय का?"

मला उत्तर देता आलं नाही. आठवलं ते माझंच. मी या धंद्यात आले ती केशभूषेचं सभासद-कार्ड घेऊन, कारण रंगभूषाकार-केशभूषाकारांची संघटना बाईला रंगभूषेचं कार्ड देतच नव्हती. बायकांनी केस करायचे, चेहरा पुरुषांनी. बायका आल्या तर पुरुषांच्या पोटावर पाय येईल, हे त्याचं कारण. मी व्हॅनिटीचं दार आतून लावून बेस लावायची आणि बाहेर येताना हातात कंगवा धरायची. रंगभूषाकार चारू खुराणा यांनी हा भेदभाव सर्वोच्च न्यायालयात नेला आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयानं ती बंदी मोडली. तेव्हा मी उघडपणे स्पंज हातात घेतला. मला केस दिले होते, चेहरा नाही. या मुलीला हात दिले होते, चेहरा नाही. आणि या वेळी दार लावणारी मी होते.

जेवणाच्या सुट्टीत मी दिग्दर्शकांकडे गेले. म्हटलं, सर, सावळ्या मुलीची गोष्ट सांगताय तर सावळीला का घेत नाही? ते म्हणाले, चॅनल ऐकत नाही. पुढे स्वप्नातली गाणी आहेत, तिथं नायिका तिच्या मूळ रंगात दाखवायची आहे. म्हणजे सावळ्या मुलीनं स्वप्न बघायचं तेही गोरं होऊनच. आणि गडद कातडी म्हणे कॅमेऱ्यात उठत नाही.

यावर आमचे कॅमेरामनकाका ताट ठेवून उठले. फिल्मच्या काळात, ते सांगू लागले, रंग जुळवायला लॅबमध्ये कोडॅककडून एका गोऱ्या बाईचा फोटो असलेलं कार्ड यायचं. शर्ली कार्ड म्हणत. तिची कातडी नीट आली की रंग बरोबर, मग बाकीच्यांचे चेहरे काळोखात गेले तरी चालायचे. "आता डिजिटल आहे. ती सबब संपली. प्रकाश कसा द्यायचा ते यायला हवं." त्यांनी त्या मुलीला परत चुलीपाशी बसवलं आणि बाजूनं मऊ प्रकाश दिला. मी तिचा चेहरा फक्त पुसला, दुसरं काही लावलं नाही. मॉनिटरवर गालाच्या उंचवट्यावर जाळाची चमक आली, आणि डोळ्यांत पाणी असल्यासारखं तेज. नायिका माझ्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, "ताई, हे मला कधीच जमणार नाही." ती मनापासून बोलत होती. तिचा राग मला कधी आला नाही, आजही येत नाही.

चाळीस सेकंदांची ती क्लिप मी त्या माणच्या मुलीला विचारून कास्टिंगवाल्याला पाठवली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, "छान आहे. नर्सचा किंवा कामवालीचा रोल आला की कळवतो." त्याच २०१४ साली जाहिरातींच्या स्वनियमन परिषदेनं बजावलं होतं की गडद रंगाची माणसं जाहिरातीत कमी प्रतीची, लग्नात किंवा नोकरीत मागे पडलेली दाखवू नका. पण ते जाहिरातींपुरतं. नर्स आणि कामवाली कुणाला करायचं, हे कुठल्या नियमात बसवणार?

आठवड्याभरानं भाग लागला. पाटीवर तिचं नाव नव्हतं, हातांचं नाव कुणी देत नाही. रात्री साडेनऊला तिचा फोन आला. म्हणाली, ताई, आईनं टीव्हीवर माझे हात ओळखले, थापण्यावरून. मी विचारलं, काय म्हणाल्या?

"म्हणाली, हात तुझंच हायती गं. पर त्येला काळं कुनी फासलं?"