फाटलेलं बोट-कव्हर: ठिगळाच्या आधी आधार

बोट १९ फुटी बोरायडर (पुढच्या टोकातही बसायची जागा असलेली मोटरबोट), ट्रेलरवर, ड्राइव्हवेत उभी. ठिकाण मिशिगनचा पश्चिम किनारा, मस्कीगनचा पट्टा. कव्हर ६०० डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिएस्टरचं, आतून पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा लेप. विंडशील्डच्या उजव्या कोपऱ्यावर इंग्रजी एलच्या आकारात फाटलंय, लांब बाजू साधारण २८ सेंमी. त्याच्याच मागे कॉकपिटवर कापडाला झोळ आलाय.

जानेवारी: फाटलं कशाने

भुरभुरीत बर्फाने कव्हर सहसा फाटत नाही. घात होतो तो मधेच हवा उबदार झाली की. बर्फ वितळतो, वरून पाऊस पडतो, पाणी झोळात साचतं आणि रात्री गोठतं. झोळ ८० बाय ६० सेंमी आणि सरासरी ५ सेंमी खोल धरला तरी २४ लिटर, म्हणजे २४ किलो. एवढं ओझं कापडाला खाली ओढतं आणि सगळा ताण विंडशील्डच्या टोकावर येतो. त्यात वाऱ्याने कापड त्याच टोकावर घासत राहतं. म्हणून भोक कोपऱ्यावर दिसलं तरी दुखणं झोळात आहे. नुसतं ठिगळ लावलं तर पुढच्या थंडीत ठिगळाच्या कडेलाच फाटणार.

साचलेला बर्फ फावड्याने काढू नका. वरची भुकटी मऊ झाडूने खाली ओढायची, उरलेली आतून तळहाताने वर ढकलून सोडवायची. कापडाला चिकटलेला बर्फाचा पापुद्रा उचकटायचा नाही, लेप त्याच्याबरोबर निघतो. थोडी ऊब येईपर्यंत थांबा.

मग लगेच बोटीच्या आत बघायचं. ड्रेन प्लग (बोटीच्या मागच्या तळाच्या भोकाचं बूच) काढलेला आणि ट्रेलरची जीभ, म्हणजे गाडीला जोडायचं पुढचं टोक, ठोकळ्यावर उचललेली असेल तर आत गेलेलं पाणी मागून निघून जातं. ड्रेनच्या भोकातच बर्फ धरला असेल तर छिन्नी-हातोडा नको. गुलाबी, प्रॉपिलीन ग्लायकॉलवालं अँटिफ्रीझ थोडं ओतलं की वाट मोकळी होते. गाडीतलं एथिलीन ग्लायकॉलचं वापरू नका, ते जमिनीवर सांडलं तर कुत्र्यामांजरांना विष आहे.

तात्पुरती डागडुजी

डक्ट टेप नको. थंडीत सुटते आणि वसंतात तिचा चिकटा निघता निघत नाही. कापडासाठीची पारदर्शक दुरुस्ती पट्टी घ्या. टेअर-एड कंपनीची असेल तर ‘टाइप ए’, कारण ‘टाइप बी’ व्हिनाइलसाठी आहे. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, मग हेअर ड्रायरने कापड कोमट करायचं (पीयूचा लेप जळतो, म्हणून हाताला सोसेल एवढंच). पट्टीचे कोपरे गोल कापून आतून-बाहेरून दोन्हीकडे दाबून बसवायची. चौकोनी कोपरा आधी उचलला जातो. कापड ओलसर असेल तर त्या दिवशी हे काम करूच नका.

आधार बदलला

बाजारातल्या टेलिस्कोपिक खांबाचं डोकं लहान असतं. ताण एका टिचभर जागेवर येतो आणि खांबच कव्हरमधून वर येतो. आता दोन खांब आणि त्यांच्यावरून नाळेपासून (बोटीच्या पुढच्या टोकापासून) मागच्या टोकापर्यंत ५० मिमी रुंद पट्टा, बकलने ताणलेला. कापड खांबांवर नाही, पट्ट्यावर टेकतं. बोटीची रुंदी २.४ मीटर, म्हणजे मध्यापासून काठापर्यंत १.२ मीटर; पट्टा काठाहून ४८-५० सेंमी उंच ठेवला की साधारण २२ अंशांचा उतार मिळतो. बोटीच्या मापाने शिवलेल्या कव्हरला यापेक्षा जास्त उंची झेपत नाही. एवढ्या उतारावरून पाणी वाहून जातं, बर्फ मात्र आपोआप घसरत नाही, तो झाडावाच लागतो. घसरायलाच हवा असेल तर लाकडी सांगाडा करून ४५ अंशांच्या आसपास उतार द्यायचा आणि वरून वेगळी ताडपत्री घालायची.

विंडशील्डचे कोपरे आणि क्लीट (दोरी बांधायचे धातूचे खुंट) यांना पूल नूडल, म्हणजे पोहताना धरायच्या फोमच्या नळ्या, चिरून घातले.

किलबोट (तळाला खोल पात असलेली शिडाची बोट) जॅकस्टँडवर, म्हणजे बाजूंनी टेकू देणाऱ्या स्टँडवर असेल तर कव्हरची दोरी स्टँडला कधीच बांधू नका. वाऱ्याने कव्हर फडफडलं की स्टँड सरकतो आणि बोट आडवी होते. त्याऐवजी वाळू भरलेल्या बाटल्या कडेला लटकवा. पाणी भरलं तर गोठून बाटली फुटते.

एप्रिल: कायमचं ठिगळ

आधी कापडाची परीक्षा. फाटलेल्या कडा दोन्ही हातांत धरून बेताने ओढा. फाट सहज पुढे सरकली तर कापड विरलंय, ठिगळाचे टाके त्यात टिकायचे नाहीत. नवीन कव्हर घ्या. मग शिवणींवर नखाने खरवडा. दोरा भुकटी होऊन तुटत असेल तर ऊन लागून तो कुजलाय आणि सगळ्याच शिवणींवर पुन्हा टीप मारायला हवी. या कव्हरचं कापड धडधाकट निघालं, पण मधल्या लांब शिवणीचा दोरा गेलाय.

कोमट पाणी, सौम्य साबण, ब्लीच नाही. दोरीवर पूर्ण वाळवायचं. फाटीच्या कडा गरम सुरीने सील करायच्या, म्हणजे सुतं निघत नाहीत. ठिगळ त्याच कापडाचं, उभा धागा उभ्याला जुळवून, फाटीच्या चारी बाजूंना ५ सेंमी जास्त. दुहेरी चिकटपट्टीने आधी बसवून घेतलं तर शिवताना सरकत नाही. दोरा व्ही-९२ (जाडीचा क्रमांक) बाँडेड, म्हणजे सुतं न सुटणारा लेप दिलेला पॉलिएस्टर, सुई ११०/१८, टाका ४ मिमी. बारीक टाके घालू नका, कापडावर भोकांची रांग पडते आणि तिथूनच ते फाटतं. एक टीप ठिगळाच्या काठापासून ६ मिमी आत, दुसरी फाटीच्या कडेने. घरच्या मशीनला दोन थर झेपतात. कोपऱ्यावर चार थर आले की दाभण आणि हातमोजा.

आतून त्याच जागी घर्षण सोसायला व्हिनाइलचा तुकडा, ठिगळापेक्षा मोठा. शेवटी टाक्यांवर युरेथेन सीलर. सिलिकॉन सीलर पीयूच्या लेपावर नीट धरत नाही, आणि एकदा तो लावला की नंतर तिथे दुसरं काहीच चिकटत नाही.

कोकणात पावसाळ्यासाठी होड्या शाकारतात तेव्हाही लक्ष उतारावरच असतं. मुंबईत जून ते सप्टेंबर बोट झाकणाऱ्यांना गोठण्याची धास्ती नाही, पण झोळाचं गणित तेच, आणि बुरशीमुळे पुढे-मागे दोन व्हेंट (हवा खेळायची झरोके) तिथे जास्तच गरजेचे.

बाकी काम: मधली शिवण उसवून पुन्हा शिवणं आणि मागच्या कडेची तीन गंजलेली आयलेट (दोरी ओवायच्या भोकांची धातूची कडी) बदलणं. त्यासाठी पितळी आयलेट आणलीत. स्टीलची पुन्हा गंजतील.