बिऱ्हाड पाठीवर: दोघांनी परदेशात काढलेलं पहिलं वर्ष

पूर्णवेळ फिरणाऱ्या जोडप्याला लोक दोनच प्रश्न विचारतात: पैसे कुठून आणता, आणि कंटाळा नाही का येत? दोन्हींची उत्तरं सोपी आहेत. पैसे कामातून येतात. मी संपादनाची कामं घेते, नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे, लॅपटॉप उघडला की दोघांचं ऑफिस सुरू. कंटाळा म्हणाल तर येतो, तो घरी बसूनही यायचाच. ज्या प्रश्नाने वर्षभर आमचं खरं डोकं खाल्लं तो मात्र कोणी विचारत नाही. ज्या दोन माणसांचा कुठेच धड पत्ता नाही, त्यांच्यावर वकिलाती, बँका आणि विमा कंपन्या विश्वास तरी का ठेवतील? मी इथे मुख्यतः त्याबद्दल लिहिणार आहे. सूर्यास्ताचे फोटो भरपूर आहेत, ते पुन्हा कधीतरी.

आमच्या पासपोर्टला बहुतेक ठिकाणी व्हिसा लागतो, त्यामुळे सगळा मार्ग शेंगेन व्हिसाभोवती आखावा लागला. युरोपातल्या 29 देशांचा हा एक व्हिसा. तो साधारणपणे आपण कायदेशीररीत्या राहतो त्याच देशातून मागायचा असतो, प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त सहा महिने. म्हणजे "आधी निघू, युरोपचं वाटेत बघू" हा बेत इथेच निकालात निघाला. अर्जही त्या देशाच्या वकिलातीकडे, जिथे मुक्काम सर्वांत जास्त. सोबत किमान 30,000 युरोंचं संरक्षण देणारा विमा. हे सगळं जमतं. अडतं ते पुढच्या रकान्यात: तुम्ही मुदत संपल्यावर बाहेर पडणार याचा पुरावा द्या. नोकरीवर परत जाणारा माणूस रजेचं पत्र जोडतो. घर आवरून निघालेल्यांनी काय जोडायचं?

आम्ही लपवाछपवी केली नाही, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचं ठरलं. एका पानाचं कव्हरिंग लेटर लिहिलं. आम्ही वर्षभर फिरणार आहोत, काम हे आहे, कर इथे भरतो, शेंगेनमधून अमुक तारखेला सर्बियात उतरणार, तिथून जॉर्जिया, ही त्याची बुकिंगं. बँकेची स्टेटमेंटं, कामाची करारपत्रं, मालमत्तेचे कागद, लग्नाचा दाखला, सगळं क्रमाने लावून दिलं. अर्ज घेणाऱ्या बाई दाखला बघून म्हणाल्या, "दोघांच्या पासपोर्टवर आडनावं वेगळी का?" हा प्रश्न मग वर्षभर ठिकठिकाणी येत राहिला. लग्नानंतर मी नाव बदललेलं नाही, आणि ज्या काउंटरवर जोडपं म्हणून उभं राहावं तिथे दाखल्याशिवाय आम्ही केवळ एकाच दिशेने निघालेले दोन प्रवासी असतो.

म्हणून कोणी निघायच्या तयारीत असेल तर आधी हे एक काम करा: लग्नाच्या दाखल्यावर अपॉस्टिल करून घ्या. 1961च्या हेग कराराप्रमाणे दिलेला तो शिक्का असला की करारातले इतर देश कागद खरा मानतात. पण तो मिळतो फक्त ज्या देशाने दाखला दिला त्याच देशात. मधल्या एखाद्या शहरात बसून त्याची व्यवस्था करायची म्हणजे नुसते कागदी घोडे नाचवायचे.

व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा, म्हणजे पुन्हा पुन्हा आत जाता येईल असा मिळाला. इथे पुष्कळ जण फसतात. स्टिकरवर दोन वेगळ्या गोष्टी असतात: व्हिसा कधीपासून कधीपर्यंत चालतो, आणि त्या काळात एकूण किती दिवस राहता येतं. मुदत वर्षाची असली तरी राहण्याची मर्यादा कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांचीच. हे 180 दिवस जानेवारी ते जून असे ठरलेले नसतात. रोज सकाळी उठून मागचे 180 दिवस मोजायचे आणि त्यात आपण किती दिवस आत होतो ते बघायचं. शिरण्याचा दिवसही धरतात, निघण्याचाही. युरोपीय आयोगाने त्यासाठी ऑनलाइन कॅल्क्युलेटर ठेवलेला आहे. नवऱ्याने तरीही स्वतःची एक शीट केली. त्याचं त्याच्यावर इतकं प्रेम बसलं की ती शीट आमच्या जेवणाच्या वेळाही ठरवायला लागली.

त्या शीटमुळेच क्रोएशियातल्या झाग्रेबहून सर्बियातल्या बेलग्रेडला जाणारी दुपारची बस घेतली, रात्रीची नाही. रात्रीची बस बायाकोवोच्या सीमेवर मध्यरात्रीनंतर पोचली असती तर क्रोएशियातला एक दिवस उगाच जास्त धरला गेला असता. जुन्या प्रवासी सल्ल्यांत क्रोएशिया "शेंगेनचे दिवस वाचवायची जागा" म्हणून सर्रास दिसतो. तो सल्ला 1 जानेवारी 2023लाच बाद झाला, त्या दिवशी क्रोएशिया शेंगेनमध्ये आला. बल्गेरिया आणि रुमानियाही आता पूर्ण आत आहेत. प्रवासाबद्दलचा कोणताही मजकूर वाचताना आधी तारीख बघायची सवय मला या वर्षात लागली. हा मजकूरही त्यातून सुटलेला नाही. पासपोर्टवरचा शिक्का पुसट आहे म्हणून वाद घालायचे दिवसही संपत आले, कारण 12 ऑक्टोबर 2025पासून युरोपने सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवणारी संगणकीय पद्धत टप्प्याटप्प्याने आणली. आता दिवस मशीन मोजतं.

सीमेवर सगळ्यांना बसमधून उतरवतात. क्रोएशियाच्या खिडकीवर बाहेर पडल्याचा शिक्का, पुन्हा बसमध्ये, थोडं पुढे जाऊन सर्बियाच्या खिडकीवर पुन्हा रांग. आमच्या पासपोर्टची पानं अधिकाऱ्याने तीनदा उलटली, शेंगेन व्हिसावर नख घासून बघितलं, मग कोणालातरी फोन केला. वैध शेंगेन व्हिसा असला की सर्बियात वेगळा व्हिसा लागत नाही, हे आम्हाला पाठ होतं. त्यालाही पाठ असेल का, एवढीच धाकधूक. मागे अख्खी बस खोळंबलेली आणि ड्रायव्हर सिगारेट संपवून दुसरी पेटवतोय. शिक्का पडला तेव्हा जीव भांड्यात पडला.

आणि गंमत बघा, पत्त्यावरून छळणाऱ्या या जगात आम्हाला पहिला अधिकृत पत्ता दिला तो सर्बियाने. तिथे आल्यावर 24 तासांत परदेशी माणसाची पोलिसांकडे नोंद व्हावी लागते. हॉटेल असेल तर ते करतात, भाड्याचा फ्लॅट असेल तर मालकाने करायची. नोवी सादच्या आमच्या घरमालकीणबाईंना त्याचा भलताच कंटाळा होता. "कोणी विचारत नाही," म्हणून त्यांनी हात झटकले. नवरा अशा वेळी फार गोड बोलतो आणि अजिबात हलत नाही. तो त्यांच्या दारात उभाच राहिला. शेवटी नोंद झाली आणि बेली कार्तोन म्हणजे पांढऱ्या कार्डाचे दोन कागद हाती आले, त्यावर दोघांची नावं आणि खाली एकच घर नंबर. मी ते कागद अजून फाईलमध्ये ठेवलेत. पुढे बँकेला पत्त्याचा पुरावा हवा होता तेव्हा त्यांचा काडीचाही उपयोग झाला नाही, ही गोष्ट वेगळी.

बँक हा स्वतंत्र विषय आहे, पण थोडक्यात आटोपते. ओटीपी ज्या नंबरवर येतो तो सिम मरू द्यायचा नाही, जुन्या फोनमध्ये घालून रोमिंगवर चालू ठेवायचा. दोन वेगवेगळ्या नेटवर्कची बँक कार्डं दोन वेगवेगळ्या बॅगांत. मशीनने "तुमच्या चलनात रक्कम दाखवू का?" असं विचारलं की नाही म्हणायचं, तिथल्याच चलनात पैसे द्यायचे, कारण त्या सौजन्याचा दर जवळपास नेहमीच महाग पडतो.

विम्याचंही तसंच. वर्षभराची मल्टी-ट्रिप पॉलिसी असं नाव वाचून हुरळून जाऊ नका. आतल्या बारीक अक्षरांत एका सहलीला दिवसांची मर्यादा असते, आणि सहल म्हणजे घरून निघून घरी परत. जो परततच नाही त्याची सहल कधी संपते? सलग मुक्कामाची वेगळी पॉलिसी शोधावी लागली. तीही घर सोडण्याआधी, कारण अनेक कंपन्या प्रवास सुरू झाल्यावर पॉलिसी देत नाहीत. स्कूटर भाड्याने घेणार असाल तर परवान्याचं कलम दोनदा वाचा. दुचाकीचा वैध परवाना नसेल तर अपघाताचा दावा बहुधा बाद होतो. आम्ही मुक्कामाच्या गावांत वर्षभर बसनेच फिरलो.

आता नवरा-बायको या भागाकडे येते. चोवीस तास एकत्र असण्याबद्दल लोक हसून काहीतरी बोलतात, पण आमचं भांडण एकत्र असण्यावरून फारसं झालंच नाही. झालं ते ठरवण्यावरून. घरी असताना माणूस दिवसातल्या बहुतेक गोष्टी ठरवतच नाही, त्या ठरलेल्या असतात. इथे रोज नव्याने ठरवा: पुढचं शहर, खोली, कपडे धुण्याची सोय, कामाच्या कॉलसाठी नेट पुरेल का, औषधाच्या दुकानात दाखवायला गोळीचं मूळ नाव काय. संध्याकाळी "जेवायला कुठे जायचं?" एवढ्या प्रश्नावर दोघंही गप्प.

जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत याचा स्फोट झाला. तिथल्या कित्येक जुन्या सोव्हिएत इमारतींच्या लिफ्टमध्ये नाण्याचा डबा असतो. वर जायला सुटी तेत्री, म्हणजे तिथली नाणी टाकायची, तेव्हा लिफ्ट हलते. आम्ही रात्रीच्या प्रवासानंतर सगळं सामान घेऊन तळमजल्यावर उभे, खोली नवव्या मजल्यावर, खिशात फक्त नोटा. "सुटे तू ठेवणार होतास." "मी कधी म्हटलं?" तिथून जे सुरू झालं ते गेल्या कित्येक महिन्यांच्या प्रत्येक बुकिंगपर्यंत मागे गेलं. एक म्हातारे गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन आले, आमच्याकडे बघितलं, डब्यात नाणं टाकलं आणि बॅगांकडे हात करून आत या म्हणाले. नवव्या मजल्यापर्यंत तिघंही गप्प उभे होतो.

त्यानंतर आम्ही ठरवण्याचीच वाटणी केली, कामांची नाही. मुक्काम आणि प्रवास तो ठरवेल, पैसा, विमा आणि कागद मी. ज्याचं खातं त्याचा शब्द शेवटचा, आणि दुसऱ्याने नंतर कुरकुर करायची नाही. शिवाय आठवड्यातून एक दुपार दोघांनी दोन दिशांना जायचं आणि संध्याकाळी त्याचा अहवाल मागायचा नाही. कुरकुरीचा नियम मी पुष्कळदा मोडते. दुसरा मात्र दोघांनीही पाळला. त्या दुपारी मी काय करते हे त्याला अजून माहीत नाही, आणि सांगण्यासारखं फार काही नसतंही.

तिबिलिसीहून आम्ही थायलंडकडे निघालो तेव्हा विमानतळावरच्या काउंटरवर अडलो. पुढचं तिकीट दाखवा. आम्ही बँकॉकहून ट्रेनने पादांग बेसारला, म्हणजे मलेशियाच्या हद्दीत जाणार होतो, आणि त्या गाडीचं बुकिंग अजून उघडलं नव्हतं. काउंटरवरच्या मुलीला ट्रेन ही कल्पनाच मान्य नव्हती. तिचंही खरं आहे. कागद अपुरे म्हणून प्रवाशाला परत पाठवलं तर त्याला परत आणायची जबाबदारी विमान कंपनीवर येते, वर दंडही होऊ शकतो. म्हणून काउंटरवरचे लोक टिमॅटिक नावाच्या नियमकोशात बघतात आणि त्यात लिहिलंय त्यापलीकडे जात नाहीत. रांगेतून बाजूला होऊन मी फोनवर पूर्ण परताव्याचं एक तिकीट काढलं, बोर्डिंग पास घेतला, आणि उतरल्यावर ते रद्द केलं. पैसे परत यायला बरेच आठवडे लागले, पण आले. हल्ली तर हे तिकीट काढायला तयारच असतो.

थायलंडने 1 मे 2025पासून आगमनाचा कागदी फॉर्म बंद करून ऑनलाइन केला आहे. तो फुकट असतो आणि पोचण्याच्या तीन दिवस आधीपासून भरता येतो. पैसे मागणाऱ्या नकली साइट्स भरपूर आहेत, सांभाळा. त्यातही राहण्याच्या जागेचा पत्ता मागतातच.

नंतरची ट्रेन मात्र तिकिटाचे पैसे फेडणारी निघाली. पादांग बेसारला थायलंड आणि मलेशिया दोघांच्या इमिग्रेशनच्या खिडक्या एकाच स्टेशनात आहेत. सामान ओढत एका खिडकीवरून बाहेर पडायचं, काही पावलं चालून दुसरीवर आत शिरायचं, आणि घड्याळ एक तास पुढे करायचं. रांगेत कोणी पुढचं तिकीट विचारलं नाही.

वर्षाच्या अखेरीस ताळेबंद मांडला तेव्हा एक गोष्ट लख्ख होती: खर्चही आणि भांडणंही, दोन्ही मुक्काम बदलण्याच्या दिवसांशी बांधलेले होते. महिनाभर एका जागी राहिलो की भाडं उतरतं, भाजीवाला ओळखू लागतो, काम वेळेवर होतं. म्हणून दुसऱ्या वर्षासाठी आम्ही लांब मुक्कामाचे व्हिसा बघतोय. थायलंडचा जुलै 2024मध्ये सुरू झालेला डेस्टिनेशन थायलंड व्हिसा पाच वर्षांचा आहे आणि एका खेपेला 180 दिवस राहू देतो, पण बँकेत थायलंडच्या चलनात पाच लाख बात दाखवावे लागतात आणि अर्ज थायलंडच्या बाहेरून करावा लागतो. स्पेनने 2023पासून दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी दार उघडलंय, तिथे जोडीदारालाही सोबत नेता येतं. मात्र तिथे वर्षाला 183 दिवसांपेक्षा जास्त राहिलात की करदाते म्हणून धरले जाता. त्यामुळे कराचा सल्लागार गाठल्याशिवाय सही नाही, असं मी ठरवलंय. कागद माझं खातं आहे.

नवऱ्याला स्पेन हवंय, मला थायलंड. मुक्काम त्याचं खातं असलं तरी व्हिसा हा मुक्काम की कागद, यावर सध्या आमची चर्चा चालू आहे. तोपर्यंत पासपोर्टची कोरी पानं मोजली. त्याच्याकडे पुरेशी आहेत, माझ्याकडे नाहीत, तेव्हा आधी नवा पासपोर्ट. फॉर्म उघडून बसलेय, कायमच्या पत्त्याच्या रकान्यात सासूबाईंचा पत्ता घातलाय.