सासूबाईंना घेऊन पहिली समुद्रसफर

नाशिकच्या माणसाला समुद्र तसा लांबचाच. आमच्या घरी तर तो विषयच निघत नसे. माझ्या सासूबाईंचे माहेर अलिबाग तालुक्यातले. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटून ६०० हून अधिक माणसे बुडाली, त्यांत त्यांचे मामा होते. सासूबाईंचा जन्म त्यानंतरचा. पण लहानपणापासून ऐकलेल्या त्या प्रसंगामुळे माहेरी जाताना त्यांनी नेहमी पेण-मार्गे रस्ताच धरला, मुंबईहून लाँचने त्या एकदाही गेल्या नाहीत. त्यामुळे दोन्ही मुलांनी डिसेंबरात मुंबई-गोवा-मुंबई क्रूझचा आग्रह धरला, तेव्हा त्यांना घरी ठेवूनच जावे लागेल असे मी गृहीत धरले होते. त्यांनी मात्र दोन दिवस विचार करून, "मी येते, पण सगळी माहिती आधी काढ," असे सांगितले, आणि पुढचा महिनाभर मी तेच केले.

पहिला धडा पैशांचा होता. ज्या एजंटाकडे नोंदणी केली, त्याने सांगितलेल्या भाड्यात बंदर शुल्क, कर्मचाऱ्यांची सेवा रक्कम आणि जीएसटी धरलेले नव्हते. हे सगळे मिळवल्यावर आकडा जवळपास एक चतुर्थांशाने वाढला. त्याने हे आधी सांगायला हवे होते, असे मला आजही वाटते. म्हणून कोणत्याही क्रूझची चौकशी करताना माणशी अंतिम रक्कम लेखी मागून घ्यावी, आणि गोव्यात उतरून फिरण्याचा खर्च, वायफाय व सशुल्क उपाहारगृहे त्यातही येत नाहीत, हे लक्षात ठेवावे.

दुसरी अडचण नावाची निघाली, आणि ती जास्त गंभीर होती. सासूबाईंच्या आधार कार्डावर त्यांचे माहेरचे आडनाव कायम राहिले आहे, तर एजंटाने आम्हा सर्वांच्या बरोबरीने त्यांच्या तिकिटावरही सासरचे आडनाव घातले होते. वेब चेक-इन करायला बसले तेव्हा हे माझ्या लक्षात आले. देशांतर्गत प्रवास असला तरी बंदरात शिरताना मूळ ओळखपत्र आणि तिकीट ताडून पाहतात. नावात फरक असेल तर फाटकावरून परत फिरण्याची वेळ येऊ शकते. दुरुस्ती होऊन नवे तिकीट हाती येईपर्यंत नऊ दिवस गेले आणि त्यासाठी मला रोज फोन करावा लागला. आपल्याकडे लग्नानंतर बायकांची कागदपत्रे दोन नावांत विभागलेली असतात; तेव्हा नोंदणी करतानाच ओळखपत्र समोर ठेवून एकेक अक्षर लिहून द्यावे.

केबिन निवडताना मी खिडकी किंवा बाल्कनीपेक्षा जागेचा विचार केला. बोट पुढे-मागे डुलते तेव्हा दोन्ही टोके सर्वांत जास्त वर-खाली होतात आणि मध्यभाग सर्वांत कमी. शिवाय जितके वरच्या मजल्यावर जावे, तितके बाजूचे हेलकावे वाढतात. म्हणून खालच्या मजल्यावरच्या, बोटीच्या मध्याजवळच्या आणि लिफ्टपासून फार लांब नसलेल्या दोन केबिन मागून घेतल्या, कारण सासूबाईंचे गुडघे दुखतात. एकीत त्या आणि माझी मुलगी, दुसरीत आम्ही तिघे. बोट लागू नये म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांनी प्रवासाच्या आधी घेतली, आणि मळमळ वाटलीच तर मोबाइल किंवा पुस्तकात डोके न घालता लांबच्या क्षितिजाकडे पाहत राहायचे, हेही आम्ही ठरवून ठेवले. कानाला जाणवणारी हालचाल आणि डोळ्यांना दिसणारे स्थिर दृश्य यांचा मेळ बसला नाही की मळमळ सुरू होते.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासूनचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यामुळे यजमानांना मोटार न्यायची होती; पण तीन दिवस ती मुंबईत कुठे ठेवायची, याचे समाधानकारक उत्तर मिळेना, म्हणून आम्ही नाशिक रोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरली. बाहेरचे खाद्यपदार्थ बोटीवर नेऊ देत नाहीत, हे नियमांत वाचले होते, त्यामुळे घरचा चिवडा गाडीतच संपवला. सीएसएमटीहून बॅलार्ड पिअरपर्यंत टॅक्सीने थोडाच वेळ लागला. तिथे सामानाला केबिन क्रमांकाची पट्टी लावून ते वेगळे पाठवतात आणि ते केबिनच्या दाराशी पोहोचायला काही तास लागतात. औषधे, ओळखपत्रे आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवले होते, त्याचा उपयोग झाला.

बोट सुटण्याआधी सर्व प्रवाशांना सुरक्षा कवायतीसाठी नेमून दिलेल्या जागी बोलावतात. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही प्रवासी बोट कलंडली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या अनेकांची कवायतच झालेली नव्हती. म्हणून १ जानेवारी २०१५ पासून ती बोट निघण्यापूर्वी किंवा निघताच घेणे आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक झाले. मुलांना कंटाळा आला होता. सासूबाई मात्र पुढे उभ्या राहिल्या. सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला की इथे यायचे, जॅकेटचा पट्टा असा ओढायचा, हे सर्व त्यांनी लक्ष देऊन ऐकले आणि मग तिथल्या कर्मचाऱ्याला विचारले, "बाळ, जॅकेटं सगळ्यांना पुरतात ना?" त्याने कपाट उघडून दाखवले, लहान मुलांची वेगळी जॅकेटेही दाखवली, आणि जीवरक्षक होड्या कुठे टांगल्या आहेत ते बोट दाखवून सांगितले. त्या मुलाचे मी मनापासून आभार मानले.

संध्याकाळी बोट सुटली तेव्हा सगळी गर्दी उजव्या बाजूला, मुंबईचे दिवे आणि कुलाब्याच्या टोकापुढचे प्राँग्ज दीपगृह पाहायला जमली होती. सासूबाई डाव्या कठड्याशी उभ्या राहिल्या. रेवस कुठल्या अंगाला, असे त्यांनी विचारले. मी हात करून दाखवल्यावर त्यांनी हात जोडले आणि अंधार पडेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. मी त्यांच्याशी काही बोलले नाही.

दिवस मजेत गेले. जेवणात कांदा-लसूण नसलेले पदार्थ मिळाले, समुद्र शांत होता आणि फोन विमान-मोडवर ठेवल्यामुळे उपग्रहाच्या महागड्या रोमिंगचे बिल आले नाही. मुरगाव बंदरात उतरल्यावर मात्र वेळेचे भान ठेवावे लागते, कारण परतीची ठरलेली वेळ चुकली तर बोट आपल्यासाठी थांबेलच असे नाही. आम्ही समुद्रकिनारे सोडून फक्त मंगेशीचे दर्शन घेतले आणि दोन तास राखून परतलो.

मुंबईला सकाळी उतरलो आणि परतीची पंचवटी संध्याकाळची होती. दिवसभर कुठे जायचे, असा विचार चालू असताना सासूबाईंनीच टॅक्सीवाल्याला भाऊच्या धक्क्यावर न्यायला सांगितले. तिथे उभ्या राहून त्यांनी रेवसच्या लाँचची गर्दी पाहिली, तिकीट खिडकीवर वेळा विचारल्या आणि त्या माझ्याकडून कागदावर लिहून घेतल्या.

"अगं, चैत्रात माहेरी जायचंय ना, तेव्हा इथूनच जाऊ," त्या म्हणाल्या.